भोरच्या कड्यावर दोन गिधाडं दिसली; ती टिकतील का?

प्रश्न भोर तालुक्यातल्या एका दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या वाडीच्या वरच्या कड्यावर या पंधरवड्यात तीनदा दोन मोठी गिधाडं बघितली. मी लहान होतो तेव्हा मेलेल्या बैलावर साठ-सत्तर उतरायची, मग बघता बघता बंद झाली. ही दोन राहतील का? त्यांच्यासाठी मेलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर चालेल का? आणि मुळात ती गेली कशानं? कुणी म्हणतं मोबाइलचे टॉवर, कुणी म्हणतं खायलाच मिळत नाही."

मी पशुवैद्य. १९९१ पासून सगळी नोकरी पुणे जिल्ह्यातच झाली. आधी घाटमाथ्याकडं, मग दौंड-शिरूरला, शेवटची वर्षं जुन्नरला. आता पुण्यात राहतो आणि दुर्बीण गळ्यात अडकवून कडे बघत हिंडतो. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

आधी ती गिधाडंच होती ना, एवढी खात्री करून घेऊ. घारीची शेपटी मागं खाचदार असते, गिधाडाची आखूड आणि बोथट. पंख फळीसारखे रुंद, आणि टोकाची पिसं हाताची बोटं फाकवावीत तशी फाकलेली. पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास भरतात, म्हणजे तुमच्या गोठ्याच्या दारातून पाखरू सरळ आत यायचं नाही. तुम्ही 'कड्यावर' म्हणता, म्हणून माझा अंदाज लांब चोचीच्या गिधाडाचा. यालाच भारतीय गिधाडही म्हणतात. अंगानं फिकट मातकट, डोकं-मान काळपट आणि जवळपास उघडी, मानेच्या बुडाशी पांढुरक्या पिसांची झालर. हे कड्याच्या कपारीत घरटं करतं. दुसरं पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड. ते काळसर असतं, पाठीवर शेपटीच्या वर पांढरा पट्टा, आणि खालून बघितलं तर पंखाचा पुढचा अर्धा भाग पांढरा दिसतो. ते उंच झाडांवर घरटी करतं. वरंधा घाट उतरून महाड ओलांडलं की पुढं म्हसळ्याच्या बाजूला त्यांची वस्ती टिकून आहे. गिधाडाला दिवसात शंभर किलोमीटर म्हणजे काहीच नाही, त्यामुळं तिकडची पाखरं घाट चढून तुमच्याकडं आली असली तरी मला नवल वाटणार नाही. तिसरं ते छोटं, पांढरं, पिवळ्या तोंडाचं. ते इजिप्शियन गिधाड. पुण्याच्या आसपास उकिरड्यांवर अजूनही दिसतं. तेही संकटात आहे, पण तुम्ही 'मोठी' म्हणालात म्हणून ते बाजूला ठेवतो.

आता गेली कशानं.

मोबाइल टॉवरचं खूळ एका वाक्यात निकालात निघतं: गिधाडं संपत होती त्या वर्षांत तुमच्या वाडीत मोबाइल कुठं होता? नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ती झपाट्यानं कमी झाली आणि २००० उजाडेपर्यंत बहुतेक आभाळ रिकामं झालं होतं. तेव्हा आपल्याकडं एसटीडी बूथपुढं रांगा लागत होत्या.

खायला न मिळाल्याचं म्हणणं वरवर पटतं, पण ते तुमच्याच आठवणीवर घासून बघा. गिधाडं यायची बंद झाली तेव्हा मेलेली जनावरं संपली होती, की तशीच पडून कुजत होती? मला आठवतंय ते कुजणं. अर्ध्या-पाऊण तासात ज्याचा सांगाडा व्हायचा, ते जनावर आठ-आठ दिवस फुगून पडलेलं असायचं आणि त्याच्याभोवती कुत्र्यांची टोळी. उपाशी मेली असती तर ताट भरलेलं राहिलं नसतं. ती भरल्या ताटावर मेली.

ताटात काय होतं ते सांगताना मला बरं वाटत नाही, कारण वाढणाऱ्यांत मी होतो.

मी नोकरीला लागलो त्याच सुमाराला जनावरांसाठी डायक्लोफिनॅक नावाचं इंजेक्शन बाजारात आलं. ताप, सूज, दुखणं, तिन्हींवर एकच औषध. तीस मिलिलिटरची बाटली, किंमत कुणालाही परवडेल अशी. गाय कासदाहानं तापलेली, चारा सोडलेली. इंजेक्शन दिलं की दुपारपर्यंत उभी राहून वैरण ओढायची. मालक म्हणायचा, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. तरुण डॉक्टरला याहून काय पाहिजे? बैल लंगडला, दिलं. म्हैस विऊन पडली, दिलं. जी जनावरं जगणार नाहीत हे मला दिसत होतं त्यांनाही दिलं, निदान वेदना तरी कमी होतील म्हणून. ते चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण नेमकी तीच जनावरं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरत आणि औषध अंगात असतानाच माळावर जाऊन पडत.

१९९८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका माळावर बाभळीखाली गिधाड मेलेलं पडलं होतं. वर फांदीवर दुसरं बसलेलं, मान पार खाली लोंबत असलेलं, जसं एखादं माणूस बसल्या जागी पेंगतं. मला वाटलं उन्हाचा तडाखा. मेलेलं गाडीवर घालून दवाखान्यात आणलं आणि उघडलं. काळजावर, यकृतावर चुना शिंपडावा तसा पांढरा थर. कोंबड्यांत असलं बघितलेलं होतं; मूत्रपिंड निकामी झालं की यूरिक अ‍ॅसिड असं आतल्या आत साचतं, त्याला आम्ही गाउट म्हणतो. वहीत 'गाउट' लिहिलं, पाणी न मिळाल्यामुळं असावं असं पुढं लिहिलं आणि वही मिटली. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्या इंजेक्शनची बाटली उभी होती. कारण आणि परिणाम एकाच टेबलावर होते आणि मला जोडता आले नाहीत.

मलाच नाही, कुणालाच नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी ही घसरण नोंदवून धोक्याची घंटा वाजवली होती. पुढची काही वर्षं बहुतेकांचा संशय एखाद्या विषाणूवर होता. अमेरिकेतले शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानच्या पंजाबात मेलेली गिधाडं तपासून, ज्यांना गाउट झाला त्यांच्या मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक सापडतं हे दाखवलं, ते २००४ मध्ये छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा जुनी वही शोधून काढली. पुढं आठवडाभर धड जेवलो नाही. बायको म्हणाली, तुम्हाला ठाऊक नव्हतं. खरं आहे. पण पाखराला त्याचा काय उपयोग?

हे औषध गिधाडाला किती लागतं बघा. माणसाच्या साध्या गोळीत ५० मिलिग्रॅम असतं. पाच किलोच्या गिधाडाला एक मिलिग्रॅमच्या आसपास प्राणघातक ठरू शकतं. गाय पचवते, आपण पचवतो. या पाखराचं मूत्रपिंड दोन दिवसांत बंद पडतं. गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की याच पाखराच्या पोटातलं आम्ल सडकं मांस, त्यातले जंतू, सगळं जिरवतं. हजारो वर्षं जे जे विष समोर आलं ते पचवायला शिकलेला प्राणी कारखान्यातल्या एका बाटलीपुढं आडवा झाला.

आता तुम्ही म्हणाल, सगळ्याच जनावरांना कुठं इंजेक्शन दिलं जायचं? बरोबर. शंभरातल्या नव्वदेक मेलेल्या जनावरांत औषध नसायचंच. तरी का संपली, याचं उत्तर त्यांच्या जेवणाच्या रीतीत आहे. गिधाडाला वास येऊन कळत नाही, ते नजरेनं शोधतं. उन्हं तापली की वर चढणाऱ्या गरम हवेवर स्वार होऊन, पंख न हलवता, एकेक पाखरू आभाळाचा आपापला तुकडा बघत फिरतं आणि त्याच वेळी शेजारच्यावर नजर ठेवतं. एक खाली झेपावलं की शेजारचं वळतं, त्याला बघून त्याच्या पलीकडचं. म्हणून एका बैलावर तुमच्या लहानपणी साठ-सत्तर उतरायची. ती काही जवळपास बसलेली नसायची, लांबलांबून आलेली असायची. याचा अर्थ एक विषारी जनावर एका गिधाडाला मारत नाही, पन्नास-साठांना मारतं. आणि हिशेब करा. गिधाड दर तीन दिवसांनी पोटभर जेवतं असं धरलं तर वर्षाला सव्वाशे जनावरं झाली. शंभरात एकच जनावर विषारी असलं तरी दहांतली सात गिधाडं वर्षभरात कधीतरी त्या ताटावर बसणारच. शास्त्रज्ञांचा हिशेब माझ्याहून बारीक आहे आणि त्यात तर शंभरात एकापेक्षाही कमी जनावरं पुरेशी ठरतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९.९ टक्के कमी झाली. हजारातलं एक उरलं. लांब चोचीची त्याहून थोडी बरी, म्हणजे शंभरातली तीन उरली.

मागं काय राहिलं तेही तुम्हाला माहीतच आहे: कुत्री. रेबीजची लस आम्ही किती टोचली याचा हिशेब त्या वर्षांत ठेवायचा सोडून दिला होता.

भारत सरकारनं जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ मध्ये बंद केलं. कागदावर. पण माणसांसाठीचं तेच औषध मेडिकलमध्ये मिळत होतंच, आणि तेही मोठ्या बाटलीत. मी स्वतः बाजारच्या दिवशी एका दुकानात बघितलं आहे, 'गायीला द्यायचंय' म्हटल्यावर दुकानदारानं न विचारता माणसांची बाटली काढून दिली. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनवर तीन मिलिलिटरची मर्यादा आली. चारशे किलोच्या गायीसाठी इवल्याइवल्या कुप्या फोडत कोण बसणार, हा त्यामागचा साधा हिशोब, आणि तो बऱ्यापैकी लागू पडला. दरम्यान त्याची भावंडं बाजारात रुळली होती. अ‍ॅसिक्लोफिनॅक गायीच्या अंगात गेलं की त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. म्हणजे नाव बदलून तोच पाहुणा. किटोप्रोफेनही गिधाडाला मारतं. ही दोन्ही जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झाली. निमेसुलाइडवर बंदी यायला २०२४ चा डिसेंबर संपत आला. फ्लुनिक्सिनही गिधाडांना घातक आहे.

मग द्यायचं काय? मेलॉक्सिकॅम. गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलेलं आहे, २००६ पासून आम्हाला माहीत आहे, आणि ताप-सुजेवर चांगलं चालतं. टोल्फेनॅमिक अ‍ॅसिडही तपासण्यांत निभावून गेलं आहे. मेलॉक्सिकॅमचा गुण जरा सावकाश येतो अशी शेतकऱ्यांची कुरकुर मी वर्षानुवर्षं ऐकली. दुपारऐवजी संध्याकाळी गाय वैरण खाते, एवढाच काय तो फरक.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न, ही दोन राहतील का, याचं उत्तर कड्यावर नाही, गोठ्यात आहे. आणि एकट्या तुमच्या गोठ्यात नाही. ती तुमच्या कड्यावर झोपतील, पण जेवायला भोर, वेल्हे, पुरंदर, घाटाखालचं महाड, वाईचा पट्टा, कुठंही जातील. एवढ्या मोठ्या मुलखात एका ठिकाणी एका माणसानं जुनी बाटली काढली की खेळ खलास. तरी सुरुवात आपल्या दूध संकलन केंद्रावर होऊ शकते. सकाळी दूध घालायला पंचक्रोशीतले लोक येतात. तिथं औषधांची नावं मोठ्या अक्षरात लावून ठेवा: डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, निमेसुलाइड, फ्लुनिक्सिन ही पाच नकोत, मेलॉक्सिकॅम चालेल. खासगी डॉक्टर किंवा गावातला इंजेक्शन देणारा पोऱ्या आला तर बाटली हातात घेऊन नाव वाचा. त्याला राग येईल. येऊ द्या. लम्पीच्या साथीत, २०२२ मध्ये, घराघरात तापानं फणफणलेली जनावरं होती आणि जो तो मिळेल ते टोचत होता. तेव्हा ही बाटली वाचायची सवय किती थोड्यांना आहे हे मला फार जवळून दिसलं.

तुम्हाला वाटेल, दोन आहेत तर चार होतील, चाराची आठ. ससे नाहीत ते. गिधाड पाचेक वर्षांचं झाल्याशिवाय घरटं करत नाही. मग जोडी वर्षाला एकच अंडं घालते, कधी तेही नाही. नर-मादी आळीपाळीनं पन्नासेक दिवस उबवतात, आणि पिल्लू उडायला आणखी तीन-साडेतीन महिने. अंडं फुटलं, घारी-कावळ्यांनी नेलं, तर बहुधा ते वर्ष गेलं. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जिवाचं सगळं गणित मोठी पाखरं दीर्घकाळ जगण्यावर बेतलेलं असतं. पिल्लू गेलं तर चालतं, पण तुमच्या दोनांपैकी एक मोठं पाखरू मेलं तर दहा वर्षांतही भरपाई होत नाही. हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात पिंजऱ्यात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली गेली, चांगलं काम आहे. पण बाहेरचं ताट स्वच्छ नसेल तर पिंजऱ्यातून सोडणं म्हणजे वाढून ठेवलेल्या विषाकडं धाडणं, हे त्या लोकांनाही पक्कं माहीत आहे.

आता तुमचा मधला प्रश्न. मेलेलं जनावर टाकायचं का?

टाकता येईल, पण मनाला येईल तसं नाही. जनावर कशानं मेलं आणि शेवटच्या पंधरा दिवसांत त्याला काय काय टोचलं, हे दोन्ही नक्की ठाऊक असेल तरच. औषध मरणाआधीच्या दोन-तीन दिवसांत दिलेलं असेल तर ते मांस सर्वांत घातक. मी जास्तीचे दिवस धरतो ते सावधगिरी म्हणून. म्हातारपणानं मेलं, दरीत पडून मेलं, विताना गेलं आणि औषध काही नाही किंवा फक्त मेलॉक्सिकॅम, अशी जनावरं चालतात. जनावर एकाएकी मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त आलं असेल तर ती काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. त्याला हात लावू नका, कापू नका, ओढत नेऊ नका. सरकारी दवाखान्यात कळवा, जागेवर खोल पुरायची व्यवस्था ते सांगतील. गिधाड ते पचवेल हो, पण तुमची माती वर्षानुवर्षं नासेल. लम्पीनं गेलेलंही पुरायचंच. आणि डॉक्टरनं सुई देऊन शांतपणे मारलेलं जनावर कधीही उघड्यावर टाकू नका; त्या सुईतलं औषध खाणाऱ्यालाही झोपवतं.

जागा वाडीपासून लांब, उघडी, चढावरची बघा. गिधाडाला हेलिकॉप्टरसारखं जागेवरून उठता येत नाही, पोट भरल्यावर पळत जाऊन उडावं लागतं. वरून विजेच्या तारा जाऊ नयेत. ओढा-विहीर जवळ नको. आणि कुत्र्यांचा बंदोबस्त हवा, नाहीतर तुम्ही गिधाडांच्या नावानं कुत्री पोसाल. गडचिरोलीत आणि नाशिककडं हरसूलजवळ खोरीपाड्याला अशी ठरवून अन्न घालायची ठिकाणं चालवली गेली आहेत. लोक त्यांना थट्टेनं गिधाडांची खाणावळ म्हणतात. ग्रामपंचायत, वनविभाग आणि दवाखाना यांना बरोबर घेतल्याशिवाय एकट्यानं सुरू करू नका. एकानं सुरू केलेली खाणावळ पहिल्याच पावसाळ्यात वासाच्या तक्रारीनं बंद पडते.

इथं एक विषयांतर करतो. 'पूर्वी बरं होतं, ढोर गावाबाहेर जायचं, गिधाडं यायची, सगळं निसर्गाच्या हिशेबानं चालायचं' असं पुण्यात सभांमधून ऐकतो तेव्हा मला राहवत नाही. ढोर आपोआप गावाबाहेर जात नव्हतं. ते ओढायचं, सोलायचं काम गावानं काही ठरावीक माणसांवर लादलं होतं, आणि १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी ते सोडा म्हणून सांगितलं ते योग्यच होतं. गिधाडांना सोललेलं जनावर लवकर खाता येतं हे खरं आहे, आणि कातडं अंगावर असलं की वेळ लागतो हेही खरं. पण आता गिधाडं परत हवी असतील तर ती ओढाताण ट्रॅक्टरनं आणि पगारी माणसानं करायची, हातमोजे घालून. कुणाच्या जातीवर सोपवून नाही. हे बोललो की सभेत दोन मिनिटं शांतता होते.

हाडांचंही एक आहे. गिधाडाच्या पिल्लाला हाडं वाढायला चुना लागतो आणि आई-बापांना मोठी हाडं फोडता येत नाहीत. तरसानं फोडलेले तुकडे ती उचलून नेतात. आपल्याकडं तरस सासवड-बारामतीच्या माळांवर आहेत, तुमच्या डोंगरात कमी. तेव्हा खाणावळ झालीच तर एखाद्या मांडीचं हाड कुऱ्हाडीनं फोडून बारीक तुकडे पसरायला हरकत नाही. बारीक गोष्ट आहे, पण दक्षिण आफ्रिकेत तुकडे न मिळाल्यानं पिल्लांचे पंख वाकडे झालेले बघितलेत.

औषधाइतकीच मला दुसरी भीती वाटते ती विषाची. जुन्नरला असताना बिबट्यानं मारलेल्या वासरावर कुणी रागाच्या भरात पिकावरचं औषध शिंपडलेलं मी बघितलं आहे. राग समजतो, वासरू घरच्यासारखं असतं. पण त्या वासराकडं बिबट्या परत आला नाही. दोन तरसं आणि एक कुत्रं तेवढं मेलं. त्या दिवशी आभाळात गिधाडं नव्हती, कारण ती आधीच संपलेली होती. असली असती तर तीही त्याच ढिगात सापडली असती. बिबट्यानं जनावर मारलं तर वनविभागाकडून भरपाई मिळते, पंचनामा करून घ्या, आणि वाडीत कुणी विष घालायचं बोलत असेल तर त्याला आधी हे सांगा. गिधाडं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. मारणाऱ्याला तुरुंग आहे. पण कायद्यापेक्षा शेजाऱ्याचा शब्द गावात लवकर पोचतो.

राहता राहिला कडा. लांब चोचीचं गिधाड साधारण नोव्हेंबरपासून घरट्याला लागतं आणि पिल्लू उन्हाळ्यापर्यंत कपारीत असतं. दुर्दैवानं हाच पुण्याच्या ट्रेकरांचा हंगाम. शनिवारी रात्री गाड्या भरून निघतात, रविवारी कड्यावर दोर सोडतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. दोन वर्षांमागं एका गटानं कड्यासमोर ड्रोन उडवला तेव्हा मी खालच्या पठारावर होतो. उबवायला बसलेलं पाखरू दचकून उठलं आणि पाऊण तास परत आलं नाही. मी ओरडत वर चढलो, तोवर ते चित्रीकरण संपवून पोहे खात होते. पोरं चांगली होती, माफी मागितली, मलाही पोहे दिले. तुमच्या कड्यावर असं कुणी आलं तर गोड बोलून सांगा, आणि जागेचा फोटो नाव-पत्त्यासकट कुठंही टाकू नका. तुमच्या नातवानं टाकला असेल तर आजच काढायला लावा. उन्हाळ्यात गवताला वणवा लावायची तुमच्याकडची रीतही कड्याच्या खालच्या अंगाला यंदा बंद ठेवता आली तर बघा, धूर सरळ कपारीत जातो. आजारी, उडता न येणारं पाखरू दिसलं तर पाणी पाजत बसू नका. वनविभागाला १९२६ वर फोन करा आणि कुत्र्यांना लांब ठेवून माणूस येईपर्यंत थांबा.

दोन दिसली म्हणजे जोडीच असेल असं नाही. ते ठरवायचा सोपा मार्ग असा: कपारीखाली कड्यावर चुन्याचे ओघळ दिसतात का बघा. खडक पांढरा पडलेला असेल तर ती नुसती येऊन जात नाहीत, मुक्कामाला आहेत. एक पाखरू तासन् तास त्याच कपारीत बसून राहतं आणि दुसरं आल्यावरच उठतं, असं दिसलं तर समजा अंडं आहे. चोचीत काटक्या, हिरवा पाला नेताना दिसलं तरी चांगली खूण. वहीत तारीख, वेळ आणि किती दिसली एवढंच लिहा. न दिसलेला दिवसही लिहा, त्याची किंमत दिसलेल्या दिवसाइतकीच आहे. वनविभागाला ती वही दाखवाल तेव्हा तुमच्या बोलण्याला वजन येईल.

कड्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे आणि मोटारसायकल कुठवर येते तेवढं मला कळवा. पुढच्या बुधवारी येतो, शनिवार-रविवार नको. सकाळी आठच्या आत समोरच्या सोंडेवर पोचायला हवं. उन्हं तापली की ती निघून जातील आणि आपण दुपारपर्यंत रिकामा कडा बघत बसू.